तापाच्या नोंदवहीत आपला रकाना कुठे आहे?

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई शहरात दर हजारी किती माणसं मेली, याचा हिशेब समाजगटांनुसार नोंदलेला आहे. युरोपियन ८.३, पारशी ९, ‘कास्ट हिंदू’ म्हणजे सवर्ण १८.९. आणि कागदावर ज्यांना ‘लो कास्ट हिंदू’ लिहिलं, ते ६१.६. शहर तेच, विषाणू तोच, रामबाण औषध कुणाकडेच नाही. तरी आपल्या माणसांचा मृत्युदर सवर्णांच्या तिपटीहून जास्त.

इंग्रजांनी हा हिशेब आपल्या कळवळ्यापोटी ठेवला नव्हता. पण तो ठेवला म्हणूनच आज आपण ठामपणे म्हणू शकतो की माणसं नुसत्या तापाने मेली नाहीत. कोंदट खोली, अर्धपोटी शरीर आणि दारात न येणारा डॉक्टर यांनीही मारली.

आता दिल्लीत या. साथरोगांवरची देशाची नजर इथूनच चालते. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची सूत्रं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहेत. आरोग्यसेविका लक्षणं नोंदवते, डॉक्टर संशयित रुग्ण नोंदवतो, प्रयोगशाळा पक्का रुग्ण नोंदवते. त्यातून देशाचा तक्ता तयार होतो. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या तक्त्यात ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू आहेत, राज्यवार मांडलेले. त्या २,९९० जणांत सफाई कामगार किती, वीटभट्टीवरचे किती, दलित-आदिवासी किती? तक्ता गप्प आहे. राज्य आहे, जात नाही. मृत्यू आहे, मेलेल्याचं काम नाही.

शिवाय तक्त्यात येतो तो प्रयोगशाळेपर्यंत पोचलेला माणूस. जुलै २०२१ मध्ये गुरुग्रामचा ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये गेला. त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला आणि भारतात माणसाला एच५एन१ बर्ड फ्लू झाल्याची पहिली नोंद झाली. व्यवस्थेने काम केलं, हे मान्य. पण तो एम्सऐवजी गल्लीतल्या दवाखान्यात गेला असता तर? मृत्यूच्या दाखल्यावर ‘न्यूमोनिया’ लिहून प्रकरण मिटलं असतं.

त्याच वर्षी जानेवारीत बर्ड फ्लूमुळे गाझीपूरची मुर्गा मंडी काही दिवस बंद ठेवली होती. मंडी, कत्तलखाना आणि कचऱ्याचा डोंगर, तिन्ही गाझीपुरातच. पक्ष्यातून माणसात येणारा नवा फ्लू विमानतळावरच्या कॅमेऱ्याला दिसण्याआधी अशा ठिकाणच्या हातांना भेटतो. आणि हे हात कोणत्या जाती-जमातींचे असतात, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. ताप आल्याचं सांगितलं तर रोजी बुडते, म्हणून हा माणूस केमिस्टकडून दोन गोळ्या घेतो आणि कामावर जातो. त्याच्या तापाची नोंद होत नाही. सर्वेक्षणातलं सगळ्यात मोठं भोक इथे आहे, आणि ते यंत्रांनी बुजणार नाही.

‘आजार जात बघत नाही’ असं आपल्याला वर्गात, ऑफिसात ऐकवलं जातं. विषाणू बघत नसेल. पण खोलीत किती माणसं झोपतात, हातमोजे कुणाला मिळतात, पगारी रजा कुणाला आहे, हे जात ठरवते.

रकाना वाढवणं अवघड आहे, हेही खरं नाही. एप्रिल २०२० मध्ये दिल्ली सरकारच्या रोजच्या कोरोना पत्रकात निजामुद्दीनच्या मरकजचा वेगळा रकाना होता. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने आक्षेप घेतल्यावर त्याचं नाव बदललं. बोट दाखवायचं होतं तेव्हा रकाना रातोरात तयार झाला. म्हणून आपली मागणी नीट मांडली पाहिजे. रुग्णाच्या नावासमोर त्याची जात जगजाहीर करायची नाही. तो नवा विटाळ ठरेल. नावं झाकून, जिल्ह्याच्या पातळीवर, सामाजिक गट आणि व्यवसाय यांनुसार एकत्रित आकडे द्यायचे. सोबत आजारपणाच्या दिवसांची मजुरी द्यायची, म्हणजे ताप लपवावा लागणार नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात मोजायचा निर्णय जाहीर केला. मृत्युदर काढायला लोकसंख्येचा आकडा लागतो. तो आता मिळू शकेल. वर मांडायचा मृतांचा आकडा आरोग्य खात्याने द्यायचा आहे.

आपल्या घरातली आपण पहिली पदवीधर पिढी. आपल्यातले कुणी सार्वजनिक आरोग्य शिकतात, कुणी सरकारी कार्यालयात आकडे भरतात, कुणी मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. तक्ता वाचता येणं ही आपल्याला मिळालेली ताकद आहे. पुढची साथ येईल तेव्हा किती मेले हे सगळेच विचारतील. कोण मेले, हे आपण विचारायचं. माहिती अधिकाराचा अर्ज आजही दहा रुपयांत होतो.