दुसरी वायर जिवंत आहे का?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी पावणेबाराच्या सुमारास मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईतले व्यवहार थांबले ते थेट दुपारी पावणेचारला सुरू झाले. बाजार त्या दिवशी पाचपर्यंत चालवावा लागला. मधल्या वेळात बीएसई चालू होता. काही ब्रोकरांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे तिकडे जाऊन मोडून टाकले आणि त्यावरून पुढे बरीच हमरीतुमरी झाली.

नंतर एनएसईने दिलेला खुलासा मुळातून वाचण्यासारखा होता. तिच्या मुख्य आणि पर्यायी अशा दोन डेटा केंद्रांना जोडणाऱ्या लाइनी एका नव्हे, दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या. वाटेत रस्त्याचं खोदकाम आणि बांधकाम चाललं होतं, त्यात दोन्हींमध्ये बिघाड झाला. त्यापायी मुख्य केंद्रातली सॅन, म्हणजे सगळे सर्व्हर ज्या सामाईक साठवणीवर डेटा ठेवतात ती यंत्रणा, अनपेक्षित वागली आणि सर्व्हरना दिसेनाशी झाली. सौदे जुळवणारी यंत्रणा ठणठणीत होती, पण जोखीम मोजणारी बंद पडली आणि तिच्याविना बाजार चालवता येत नाही. बाजार नियामक सेबीपुढे हे प्रकरण मिटवताना एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीला मिळून ७२ कोटी रुपयांवर रक्कम भरावी लागली.

यात कोणी पैसे वाचवले नव्हते. सगळं दोन-दोन घेतलेलं होतं. ज्यांच्यावर सर्व्हर सांभाळायची जबाबदारी असते त्यांना या बातमीचं म्हणूनच फारसं नवल वाटलं नसेल. हीच गोष्ट लहान प्रमाणावर, एका कपाटाच्या मागच्या बाजूला, कुठल्याही सर्व्हर रूममध्ये घडू शकते. तिथल्या या दोन-दोन वाटांच्या मांडणीचं नाव मल्टिपाथ.

मोठ्या युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरचा डेटा सहसा त्याच्या पोटात नसतो. तो शेजारच्या रॅकमधल्या स्टोरेजवर असतो. सर्व्हरमध्ये दोन फायबर कार्डं, मधे दोन स्विच, पलीकडे स्टोरेजचे दोन कंट्रोलर, अशी मांडणी केली की एकाच डिस्कपर्यंत पोचायला साधारण चार वाटा तयार होतात. एखादं कार्ड जळलं, एखादा स्विच बसला किंवा सफाईवाल्याच्या हातून केबल निघाली, तरी काम अडू नये हा हेतू.

अडचण अशी की ऑपरेटिंग सिस्टीमला चार वाटा कळत नाहीत, तिला चार डिस्क दिसतात. मतदारयादीत एकाच माणसाचं नाव चार ठिकाणी यावं, तसं लिनक्स त्या एका डिस्कला एसडीए, एसडीबी, एसडीसी, एसडीडी अशी चार नावं देऊन मोकळं होतं. सर्व्हर रीबूट झाला की या नावांचा क्रमही बदलू शकतो. दुबार नावं पकडायची तर ओळखपत्र बघावं लागतं. ते असतं. प्रत्येक डिस्क विचारल्यावर ८३ क्रमांकाच्या पानावर स्वतःची कायमची ओळख सांगते. मल्टिपाथचं सॉफ्टवेअर ती वाचतं, चारही नावं एकाच माणसाची आहेत हे ताडतं आणि त्यांच्यावर एमपाथए असं एक नाव बसवतं. पुढे सगळ्यांनी फक्त त्याच नावाने व्यवहार करायचा.

हे सॉफ्टवेअर चालू नसेल तर? नवीन अ‍ॅडमिनला एसडीसी रिकामी दिसते, कारण माउंट झालेली असते एसडीए. तो एसडीसीवर निवांतपणे नवी फाइल सिस्टीम बनवतो आणि चालू डेटाबेसच्या डोक्यावर वरवंटा फिरवतो. डिस्कची विभागणी सांभाळणारं एलव्हीएम अशा वेळी दुबार डिस्क सापडल्याचा इशारा देतं. तो इशारा रोजच्या लॉगमध्ये इतका सरावाचा होऊन बसतो की त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

हा दोष निदान ढळढळीत तरी आहे. खरा घात होतो तो मुकाट्याने. चारपैकी दोन वाटा गेल्या तरी उरलेल्या दोनांवर काम सुरळीत चालतं. कोणाचा फोन येत नाही, स्क्रीन अडकत नाही, वरिष्ठांना काही कळत नाही. लिनक्सवर मल्टिपाथ -एलएल ही आज्ञा दिली की प्रत्येक वाटेची एक ओळ येते. धडधाकट वाट ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी’ म्हणते, मेलेली ‘फेल्ड फॉल्टी’. तपासणारा प्रोग्राम दर काही सेकंदांनी प्रत्येक वाटेला हाक मारत असतो, मूळ सेटिंग ५ सेकंदांचं. म्हणजे माहिती क्षणाक्षणाला गोळा होते. वाचणारा मात्र बहुतेक ठिकाणी नेमलेलाच नसतो.

मग एके रात्री स्टोरेज कंपनीचा इंजिनिअर कंट्रोलरचं फर्मवेअर बदलायला येतो. काम चालू सर्व्हरवरच होणार असतं, डाउनटाइम नको असं कागदावर लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. आधी एक कंट्रोलर खाली घ्यायचा, तो वर आला की दुसरा. पहिल्याचं काम बिनबोभाट होतं. दुसरा खाली जातो आणि वीसपैकी एक सर्व्हर मान टाकतो. शोधल्यावर कळतं की पहिल्या कंट्रोलरकडे जाणाऱ्या त्याच्या दोन्ही वाटा, मागे कधीतरी रॅक हलवताना केबल नीट न बसल्यामुळे, तेव्हापासूनच मेलेल्या होत्या. दोष इंजिनिअरच्या माथी जातो. या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणाकडेही असा किस्सा असतो, फक्त कंपनीचं नाव बदलतं.

सगळ्या वाटा गेल्यावर सर्व्हरने काय करायचं, हाही प्रश्न अनेकदा सेटिंगची फाइल कुठून तरी उतरवून घेऊन सोडवलेला असतो. एक पर्याय म्हणजे वाट पाहत बसणं. मग लिहायला आलेली प्रत्येक प्रक्रिया गोठते, आणि अशा प्रक्रियेला किल -९ मारूनही ती हलत नाही. दुसरा पर्याय लगेच चूक कळवून मोकळं होण्याचा. एकट्या डेटाबेस सर्व्हरने थोडा वेळ कळ काढली तर चालतं, १२ वेळा ५-५ सेकंद, म्हणजे मिनिटभर. क्लस्टरमध्ये मात्र वाट पाहत बसलेला सर्व्हर जोडीदाराला काम हाती घेऊ देत नाही. हा निर्णय विचार करून, सर्व्हरचं काम बघून घ्यायचा असतो.

जुन्या युनिक्सवर आणखी गमती आहेत. एआयएक्समध्ये वाटा बघायला एलएसपाथ ही सुटसुटीत आज्ञा आहे. पण तिथे डिस्कच्या आरोग्यतपासणीचा कालावधी शून्य ठेवला तर तपासणीच बंद होते, आणि केबल दुरुस्त झाली तरी ती वाट मेलेलीच धरली जाते. एचपी-यूएक्सला स्वतःचं मल्टिपाथ २००७ साली, ११आय व्ही३ मध्ये मिळालं, सोलारिसचं एमपीएक्सआयओ त्याच्याही आधीचं. ईएमसीचं पॉवरपाथ किंवा व्हेरिटासचं डीएमपी विकत घेणारेही खूप. दोन सॉफ्टवेअरं एकाच डिस्कवर हक्क सांगू लागली की तमाशा उभा राहतो, म्हणून एकाला काळ्या यादीत टाकावं लागतं. आणि सर्व्हर जर सॅनवरूनच बूट होत असेल तर बूटच्या वेळच्या छोट्या इमेजमध्ये मल्टिपाथ घातलेलं आहे ना, हे तपासावं लागतं. नाहीतर मूळ डिस्क एकाच वाटेवर उठून बसते आणि वरकरणी सगळं आलबेल दिसतं.

इतकं सगळं सांगायचं कारण खरेदीत आहे. टेंडरमध्ये दोन कार्डं, दोन स्विच, दोन कंट्रोलर यांचे रकाने असतात, त्यांची किंमत मोजली जाते, बसवल्याच्या दिवशी केबल काढून दाखवली जाते, सह्या होतात. त्यानंतर ती केबल पुन्हा कोणी काढत नाही. अ‍ॅडमिनने चालू दिवशी एक वायर काढून बघण्याची परवानगी मागितली की उत्तर ठरलेलं असतं: चाललंय ना, मग कशाला हात लावायचा? हा सावधपणा नव्हे. वायर काढल्यावर काय होईल याची ज्या कार्यालयाला धास्ती वाटते, त्याला आपल्या दुसऱ्या वाटेवर भरवसा नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि मग तिच्यावर केलेला खर्च नेमका कशासाठी होता हे ऑडिटरने विचारायला हवं.

शेअर बाजारांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला. त्या घटनेनंतर महिन्याभरातच सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि पुढच्या ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडले ते याच तालमीसाठी. लोकांचे खरे सौदे चालू असताना काम मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर हलवलं गेलं. सुट्टीच्या दिवशी बाजार कशाला उघडला म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली, पण परीक्षा घ्यायची तर अशीच घ्यावी लागते.

बँका, रुग्णालयं, कारखाने, सरकारी कार्यालयं यांना एवढा घाट घालायची गरज नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक सर्व्हरच्या वाटा मोजून, चाराऐवजी तीन आल्या तर नाव घेऊन सांगणारा ईमेल, आणि तिमाहीतून एकदा एका स्विचचे पोर्ट बंद करून बघणं, इतकं पुरे. पहिल्याला एका दुपारची स्क्रिप्ट लागते. दुसऱ्यासाठी वरिष्ठाची सही लागते, आणि तीच मिळत नाही.

सध्या एक संधी चालून आली आहे. एचपीईने एचपी-यूएक्सचा नियमित सपोर्ट संपण्याची ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख आधीच जाहीर केली होती. त्यामुळे वर्षानुवर्षं न हललेले सर्व्हर आता लिनक्सवर हलवावे लागत आहेत. डाउनटाइम मंजूर आहे, कंपन्यांचे इंजिनिअर जागेवर आहेत, सह्या करणारे अधिकारीही मध्यरात्री फोन उचलत आहेत. त्या रात्रीच्या कामांच्या यादीत आणखी एक काम घालायला हरकत नसावी: एकेक केबल काढून, प्रत्येक वेळी वाटा मोजून, परत लावल्यावर पुन्हा मोजणे. आणि हे करताना डेटाबेस बंद ठेवायचा नाही, त्यावर खरा भार चालू ठेवायचा.