सरकतं दार आणि ‘दोनच मिनिटं’

न्हावऱ्यात शिरूर-चौफुला रस्त्यावर ईको थांबते, चाकं डांबरावरच. वर युक्तिवाद: ‘दोनच मिनिटं! दार सरकतं, बाहेर येत नाही, मग अडचण कुणाला?’

अहो, धोका तिथंच आहे. साधं दार उघडलं की मागच्या दुचाकीवाल्याला दिसतं. सरकतं दार दिसत नाही. दिसतं ते थेट उतरणारं पोर. ओम्नी १९८४ ला आली, २०१९ ला बंद झाली. सवय ईकोत बसून राहिली.

इतरांना धोका होईल अशी गाडी उभी करायला मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ मनाई करतं. त्यात दोन मिनिटांची सवलत नाही. उजवं दार वाहतुकीकडे उघडतं, ते लॉक ठेवा. गाडी डांबराखाली घ्या, पोरं डावीकडून उतरवा. उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या मग घालू.