खोकं उघडा, पण कॅमेऱ्यासमोर!

संगणकाचे सुटे भाग ऑनलाइन मागवणाऱ्यांच्या वाट्याला हल्ली एक नवीनच कर्मकांड आलंय. खोकं घरी आलं की आधी मोबाइल कुठेतरी टेकवून उभा करायचा, पत्त्याचं लेबल दाखवायचं, खोकं सगळ्या बाजूंनी फिरवायचं आणि मगच कात्री लावायची. मध्ये रेकॉर्डिंग थांबलं की संपलं! 'अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार स्वीकारली जाणार नाही' ही ओळ कित्येक विक्रेत्यांच्या अटींमध्ये असते. आणि आपण ती निमूटपणे पाळतो. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा एवढी सोवळी-ओवळी नसतात हो!

माझं स्पष्ट मत आहे, ही अट म्हणजे शुद्ध अरेरावी आहे. पैसे आधी मोजायचे आम्ही, आणि आम्ही चोर नाही हे सिद्धही करायचं आम्हीच.

विक्रेत्यांची बाजू मला माहीत आहे. नवीन ग्राफिक्स कार्ड मागवून त्याच खोक्यात जुनं कार्ड परत पाठवणारे महाभाग आहेत. प्रोसेसर बसवताना मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या पिना स्वतः वाकवायच्या आणि 'असाच आला' म्हणायचं, हेही चालतं. मान्य. पण म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी?

बरं, चोर पकडायचा सोपा उपाय विक्रेत्याच्याच हातात आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, कार्ड, एसएसडी, प्रत्येकाला सीरियल नंबर असतो. माल पाठवताना तो स्कॅन करून बिलावर छापायला किती वेळ लागतो? परत आलेल्या वस्तूचा नंबर जुळला नाही की लबाडी उघडी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचे कित्येक दुकानदार बिलावर सीरियल नंबर लिहून देतात, वर वस्तूवर आपलं स्टिकरही चिकटवतात. जे काउंटरमागे बसून पेनाने जमतं ते एवढ्या मोठ्या गोदामांना जमत नाही?

आणि मुळात या व्हिडिओत दिसतं काय? खोक्यात वीट निघाली तर ती दिसेल. पण खराब रॅम आणि चांगली रॅम कॅमेऱ्याला सारखीच दिसते. तिचा दोष कधीकधी मेमटेस्ट काही तास चालवल्यावर कळतो. पॉवर सप्लाय तर लोड येईपर्यंत गुणी बाळासारखा वागतो. मी मागवलेल्या एका मदरबोर्डचा रॅमचा एक स्लॉट चालत नव्हता. व्हिडिओ होता, पाठवला. उत्तर काय आलं? 'व्हिडिओत बोर्ड सुस्थितीत दिसतो, म्हणजे बिघाड नंतर झाला आहे.' आता बोला! व्हिडिओ नसेल तर तक्रार नाही, आणि असेल तर तोच आपल्याविरुद्ध पुरावा.

दुसरी गंमत परत करायच्या मुदतीची. सात नाहीतर दहा दिवस. शर्टाला ठीक आहे, घालून बघितला की झालं. संगणक जोडणारा माणूस मात्र चार विक्रेत्यांकडून, चार सवलती गाठून भाग गोळा करतो. बोर्ड आज आला, प्रोसेसर बारा दिवसांनी. प्रोसेसरशिवाय बोर्ड तपासायचा कसा? कपाळाला लावून? मुदत संपली की 'कंपनीच्या वॉरंटीत जा'. मग सर्व्हिस सेंटरच्या खेपा, आणि बदलून मिळालेला भाग बऱ्याचदा दुसऱ्याचा दुरुस्त केलेला. नवीन वस्तूचे पैसे देऊन!

वॉरंटीतही मेख असते. डबाबंद प्रोसेसरला सहसा कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. तोच प्रोसेसर 'ट्रे' म्हणून सुटा, थोडा स्वस्त मिळतो, तेव्हा ती कंपनीची वॉरंटी आपल्यापर्यंत पोचत नाही. विक्रेता म्हणतो, 'आमची वॉरंटी आहे ना!' उद्या त्याने दुकान गुंडाळलं की वॉरंटीही गुंडाळली. हे जाहिरातीत ठळक अक्षरात का नसतं?

कायदा काय म्हणतो तेही बघा. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. त्यात व्हिडिओचा कुठेही उल्लेख नाही. दाद लागली नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. त्याआधी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहेच.

पण आपण काय करतो? 'जाऊ दे, तीन-चार हजारांसाठी कोण भांडत बसणार' म्हणतो आणि नवीन रॅम मागवतो. विक्रेत्यांचा सगळा हिशोब आपल्या या 'जाऊ दे'वर चालतो.

तेव्हा मंडळी, व्हिडिओ काढायचा तर खुशाल काढा, मीही काढतो. पण उपकार घेतल्यासारखे वागू नका. वॉरंटीचे पैसे किमतीतच मोजलेले असतात, ती कुणाची मेहेरबानी नव्हे. बिलावर सीरियल नंबर मागा, न देणाऱ्याकडून घेऊ नका. तक्रार फोनवर नको, लेखी करा, तारखेसकट. आणि 'व्हिडिओ कुठाय?' असं कुणी विचारलं तर उलट विचारा, 'तुम्ही पॅक करतानाचा व्हिडिओ कुठाय?'