उष्टावणानंतर

अन्नप्राशनास आश्वलायन गृह्यसूत्रानें सहावा महिना सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचें दूध द्यावें व पुढें दुधाच्या जोडीस वरचें अन्न द्यावें असें म्हणते. सहावा लागणें व सहा पुरे होणें यांत एका महिन्याचें अंतर पडतें. आमचा कौल पुरे होण्याकडे आहे. येथवर घरांत फारसा वाद नसतो. वाद होतो तो मोडांवरून. सूनबाई म्हणतात, शिजविल्यानें जीवनसत्त्वें नाश पावतात, म्हणून मोड कच्चेच वाटून द्यावे. सासूबाई म्हणतात, कडधान्य वातूळ, वर्षभर नांवच काढूं नका. आम्हांस दोहोंपैकीं एकही मत मान्य नाहीं.

मोड येतात ते ऊब आणि ओल यांमुळें. जंतूही त्यांतच वाढतात, आणि कित्येकदां ते दाण्याच्या आंतच दडलेले असल्यानें धुऊन जात नाहींत. 2011 सालीं जर्मनींत मेथीच्या मोडांपासून रोग पसरून सुमारें 4000 माणसें आजारी पडलीं व 50 हून अधिक दगावलीं. त्यांत बहुतेक थोर माणसें होतीं. मग सात महिन्यांच्या आंतड्याची काय कथा! शिजवितांना क जीवनसत्त्व कमी होतें हें खरें. परंतु मोडांचा मुख्य लाभ दुसराच आहे. कडधान्यांतील जें द्रव्य लोह अंगीं लागूं देत नाहीं तें मोड येतांना घटतें, आणि हा लाभ शिजविल्यावरही उरतो. बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा सांठा सहा महिन्यांनंतर सरत येतो, म्हणून वर्षभर थांबणेंही परवडत नाहीं.

आरंभ मुगापासून करावा. रात्रीं भिजवून स्वच्छ फडक्यांत बांधावे; बारीक कोंब दिसला कीं पुरे. बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावे, हळहळूं नये. बोटांनीं सहज चिरडेल इतका मऊ शिजवून मूग पुरणयंत्रांतून काढावा. पहिल्या दिवशीं एक-दोन चमचे, तेंही वरणभातांत कालवून. मीठसाखर वर्षापर्यंत नको. लिंबाचे चार थेंब चालतील. आख्खी मटकी, चणा वा शेंगदाणा बाळाच्या हातीं कदापि लागूं देऊं नये, श्वासनलिकेंत अडकतो.

भाज्यांत गाजर, दुधी आणि लाल भोपळा उत्तम. (आमच्याकडे लाल भोपळ्यास कोहळें म्हणतात, पेठ्याचा कोहळा निराळा.) वाफवून, कुसकरून, वर थोडें साजूक तूप घालावें. एक नवी भाजी दिल्यावर दोनतीन दिवस दुसरी नवी देऊं नये, म्हणजे अंगावर पुरळ उठल्यास कारण कळतें. पालेभाजी ताजीच; सकाळची संध्याकाळीं नको.

गोंदियाजवळच्या या आमच्या कुडव्याच्या बाजूस आणखी एक सावधगिरी हवी. उभ्या धानाच्या बांधींत ओलीवर लाखोळी फेंकण्याची इकडे रीत आहे, आणि तिची डाळ पुष्कळांच्या घरांत असते. लाखोळींत एक विषारी द्रव्य आहे. दीर्घकाळ तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात. भिजवून पाणी टाकल्यानें तें घटतें, पण नाहींसें होत नाहीं. मोड आणल्यानेंही जात नाहीं. थोरांनीं काय करावें तें त्यांनीं ठरवावें; बाळाच्या वाटींत ती नको. तुरीच्या डाळींतही तिची भेसळ होते. तेव्हां डाळ निवडतांना एका बाजूस उतरता, चौकोनी कडांचा दाणा आढळला तर ती डाळ बाळासाठीं घेऊं नये.