पोट सुटलेले, पाय वाळलेले

वस्तीत आरोग्य शिबिर भरले की ज्येष्ठांचे वजन, रक्तदाब आणि साखर तपासतात. वजन जास्त निघाले की सल्ला ठरलेला: "आजी, खाणे कमी करा." आमच्या मते हा सल्ला अर्धवट आहे, आणि म्हातारपणी अर्धवट सल्ला महागात पडतो.

वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि चरबी वाढते. पोट सुटते, पण मांड्या-पोटऱ्या वाळतात. डॉक्टर याला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. अशा माणसाने नुसते खाणे तोडले, तर चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जातो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ लठ्ठ व अशक्त ज्येष्ठांवर झालेला वर्षभराचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. फक्त आहार कमी केलेल्यांपेक्षा आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचे स्नायू कमी घटले आणि त्यांचीच हालचाल सर्वाधिक सुधारली.

स्नायू गेले की सार्वजनिक शौचालयात बसल्यावर उठता येत नाही. मग म्हातारी माणसे पाणी कमी पितात, घराबाहेर पडत नाहीत आणि पाय आणखी वाळतात. आपण मात्र "आता बसून आराम करा" म्हणतो. या मायेनेच त्यांचे नुकसान होते.

घरीच पाहा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात छातीशी बांधून, पाच वेळा उठायचे-बसायचे. जवळ कोणीतरी उभे राहावे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवा.

ताटही बदलायला हवे. मटणाच्या फोडी तरुणांना, रस्सा आजीला, आणि संध्याकाळी तिला चहा-खारी, ही रीत मोडा. ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर भाजलेल्या हरभऱ्यात तेवढीच. घट्ट वरण, मटकी, सोयाबीन वडी, मासळी हे स्वस्तातले मार्ग आहेत. दात नसतील तर भुर्जी, खिमा द्या. कमी करायचे ते साखर, खारी, तळलेले आणि भाताचा दुसरा ढीग. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

नुसते चालणे पुरत नाही, स्नायूंना जोर पडला पाहिजे. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून ढकलणे, ओटा धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेली बाटली वर-खाली करणे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.

आमचा आग्रह एवढाच: विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास ज्येष्ठांच्या व्यायामासाठी राखून ठेवा. महिला मंडळाने आणि तरुणांनी तो चालवावा. आणि पुढच्या शिबिरात वजनकाट्याशेजारी एक खुर्चीही मांडा.