विम्याची शीव

आपल्या गावची शीव कोठे संपते हे लहान पोरालाही ठाऊक असते. मुंबईतले शीव हे नावही याच अर्थाने पडले असे सांगतात. मुंबई बेटाची ती हद्द. गाडीच्या विम्यालाही अशीच एक शीव असते. तिच्या आत काय आणि बाहेर काय, हे मात्र नुकसान झाल्यावरच आपल्याला कळते.

दादरला फुले-भाजी नेणारे आपले टेंपो शीववरून जातात. आजारी माणसाला घेऊन तिथल्या टिळक रुग्णालयात, म्हणजे सायन हॉस्पिटलात, गावाकडच्या गाड्या येतात. हा भाग सखल आहे. शीवचा रस्ता क्रमांक २४ आणि जवळचे किंग्ज सर्कल येथे मोठ्या पावसात पाणी तुंबते. त्यातून समुद्राला भरती असली तर विचारायलाच नको. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी आपली गाडी तेथे अडकली, तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार?

पुष्कळजण म्हणतात, “विमा काढलाय की!” पण कोणता? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो तिऱ्हाइताचा विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, एवढ्यासाठी तो आहे. स्वतःच्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी ‘स्वतःच्या नुकसानीचा’ विमा वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र असले की त्याला सर्वसमावेशक पॉलिसी म्हणतात. आज संध्याकाळी कपाटातला कागद काढा आणि त्यावर काय लिहिले आहे ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या.

या विम्याच्या शिवेत काय येते? अपघात, आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, दरड, वादळ, गारपीट आणि पूर. म्हणजे पाण्यात भिजलेल्या गाडीची भरपाई मागता येते. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका. इंजिनात पाणी ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग आतला दांडा वाकतो आणि इंजिन जाते. हे नुकसान पुराने नव्हे, मागाहून चावी फिरवल्याने झाले, असे म्हणून कंपन्या बहुधा ते नाकारतात. इंजिनासाठी जादा हप्त्याचे वेगळे संरक्षण मिळते. ते घेतले नसेल तर गाडी ढकलत किंवा ओढत गॅरेजात न्यावी हेच शहाणपण.

शिवेबाहेर काय? रोजची झीज, आपोआप झालेला यांत्रिक बिघाड, दारू पिऊन चालवणे, परवाना नसलेल्या पोराच्या हाती गाडी देणे. घरगुती म्हणून विमा उतरवलेली जीप वडापला लावली आणि अपघात झाला, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. टेंपोतला माल या विम्यात येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचीही पॉलिसीत वेगळी नोंद हवी.

आता पैशाचा हिशेब. समजा, साडेतीन वर्षे वापरलेल्या लहान मोटारीच्या दुरुस्तीचे बिल ४०,००० रुपये झाले. त्यात लोखंडी भाग २०,०००, प्लास्टिक-रबर १०,०००, काच ४,००० आणि मजुरी ६,०००. या वयाच्या गाडीला लोखंडी भागांवर २५ टक्के घसारा धरतात, म्हणजे ५,००० गेले. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर सरसकट ५० टक्के, म्हणजे आणखी ५,००० गेले. काचेवर घसारा नाही. उरले ३०,०००. त्यातून प्रत्येक दाव्यात आपण सोसायचे १,००० वजा केले की हाती २९,००० येतात. बाकीचे ११,००० घरातून. हे आधी माहीत असले म्हणजे गॅरेजवाल्याशी आणि कंपनीशी विनाकारण भांडण होत नाही. गाडी पुरतीच गेली किंवा चोरीला गेली, तर पॉलिसीत लिहिलेली किंमत हीच कमाल रक्कम. हप्ता वाचवण्यासाठी ती किंमत कमी लिहून घेऊ नका.

उलट, लहानशा ओरखड्यासाठी दावा करायची घाई नको. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा केला की ती सूट जाते. पॉलिसी संपून ९० दिवसांत नवी केली नाही, तरीही जाते.

नुकसान झाले की लगेच कंपनीला कळवा. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. चोरी किंवा मोठा अपघात असेल तर पोलिसांत नोंद करा. कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. दावा अन्यायाने नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तेथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत आणि तक्रारीला फी पडत नाही.

बांधाचा वाद नको म्हणून आपण मोजणी करून घेतो. पावसाळ्याआधी पॉलिसीचीही एकदा मोजणी करून घ्या. कर्ज काढून घेतलेली गाडी उभी राहिली तरी हप्ते थांबत नाहीत.