मतदानाची परीक्षा? पेपर कोण तपासणार?

निवडणुका आल्या की कॉलेजच्या कट्ट्यावर एक डायलॉग हमखास ऐकू येतो. ‘अरे, ज्याला धड वाचता येत नाही त्याला मत कशाला? आधी एक सोपी परीक्षा घ्या, पास झाला तरच मत.’ माना डोलावणारेही चार जण असतात. खरं सांगायचं तर मीही कधीतरी डोलावली आहे. ऐकायला लॉजिकल वाटतं ना! पण ही आयडिया नवी नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत ती पंचाहत्तर वर्षं राबवून झाली आहे.

१८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती आली. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणाने मताधिकार नाकारता येणार नाही, असं तिने बजावलं. अर्थात, हे पुरुषांपुरतंच होतं. तरी कालपर्यंत ज्यांची बाजारात बोली लागायची, ती माणसं मत देऊ लागली, निवडूनही येऊ लागली. रॉबर्ट स्मॉल्स जन्माने गुलाम. यादवी युद्धात त्यांनी शत्रूचं जहाजच पळवलं, कुटुंबाला सोडवलं आणि पुढे ते थेट अमेरिकन संसदेत जाऊन बसले. याच काळात, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला ती अर्पण केली.

नोव्हेंबर १८९० मध्ये फुले गेले. त्याच महिन्यात मिसिसिपी राज्याने नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्या मतदानाच्या नियमांत ‘कृष्णवर्णीय’ असा शब्द कुठेच नव्हता. अटी ‘सगळ्यांसाठी’ होत्या. दोन डॉलर कर भरा. घटनेतलं एखादं कलम वाचून दाखवा, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी. कुणाला सोपं कलम द्यायचं आणि कुणाला किचकट, हेही त्याच्याच हातात.

लुइझियानाने १८९८ मध्ये कहरच केला. १ जानेवारी १८६७ ला ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता, त्याला परीक्षा माफ! तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. परिणाम? १८९६ मध्ये तिथे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ मध्ये उरले जेमतेम १३००.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. म्हणजे आधी हातातली पाटी काढून घ्यायची आणि मग विचारायचं, अक्षर का येत नाही?

१९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आणि त्याच वर्षी मताधिकार कायदा झाला. दक्षिणेतल्या या परीक्षा थांबल्या. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी तोवर ७ टक्क्यांच्याही खाली होती. दोन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. एवढ्यात सगळे एकदम हुशार झाले होते का? फक्त परीक्षा घेणारा बाजूला झाला होता.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच मत होतं. स्वतंत्र भारताने ते सगळं काढून टाकलं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, तरी प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. मतदाराला माहिती हवी, हे मान्यच. मग ती त्याच्यापर्यंत पोचवा, शाळा द्या. आणि रेशन वेळेवर मिळतं का, नळाला पाणी येतं का, हे कळायला डिग्री लागत नाही.

पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी परीक्षेचं बोललं, तर भांडू नका. फक्त दोन प्रश्न विचारा. पेपर कोण काढणार? आणि तपासणार कोण?